औषध अखंड मिळालेच पाहिजे

मद्रासमधील मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात आपल्या विद्यार्थिनीसह 1986 साली देशातील एचआयव्ही संसर्गाचा पहिला पुरावा शोधून काढला. तेव्हा या रोगावर देशात औषध नव्हते. आज ते आहे. प्रश्न आहे तो ते अखंड मिळण्याचा.

हा विषाणू रक्तातील सीडी-4 पेशीत शिरून आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या जनुकसंचात जोडतो. टेनोफोविर व लॅमिव्ह्युडिन पहिली क्रिया रोखतात, डोल्युटेग्राविर दुसरी. एकाच औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो, म्हणून तिन्ही एकत्र द्यावी लागतात. तरीही काही पेशींत तो सुप्त राहतोच. गोळ्या थांबल्या की तो पुन्हा उसळतो. त्यांत वारंवार खंड पडला तर औषधेच निकामी ठरू लागतात.

दुष्परिणाम नाकारण्यात अर्थ नाही. झिडोव्ह्युडिनने रक्तक्षय होई; स्टॅव्ह्युडिनने हातापायांना बधिरता येई, चेहऱ्यावरील चरबी झडे. टेनोफोविरचा भार मूत्रपिंड व हाडांवर पडतो; डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, वजन वाढते. यावर उपाय औषध सोडणे हा नव्हे, तर नियमित तपासणी आणि गरज पडल्यास औषध बदलणे हा आहे.

ही औषधे स्वस्त झाली ती बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कृपेने नव्हे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, फक्त उत्पादनप्रक्रियेवर पेटंट दिले. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत वर्षाला 10 हजार डॉलरहून महाग असलेला उपचार सिप्ला 2001 साली 350 डॉलरला देऊ शकली. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले; पहिल्या केंद्रांत चेन्नईचे तांबरम रुग्णालय होते. 2005 साली उत्पादन-पेटंट परत आले. पण डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्यात काही संरक्षक तरतुदी आल्या. जुन्याच औषधाला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवण्यास आळा घालणाऱ्या कलम 3(ड) ला नोव्हार्टिसने आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाने ते 2007 साली फेटाळले.

मात्र कायदा टिकला म्हणजे गोळी हातात पडतेच असे नाही. 2022 साली पुरवठा कोलमडल्यामुळे रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात धरणे धरावे लागले. रोजंदारी बुडवून केंद्रावर आलेल्या मजुराला रिकाम्या हाती परत पाठवणे म्हणजे विषाणूला मोकळे रान देणे होय. प्रत्येक केंद्रावर काही महिन्यांचा राखीव साठा, वेळेवर निविदा आणि मूत्रपिंड व विषाणूभाराची मोफत तपासणी, या मागण्या केवळ रुग्णांच्या नाहीत. त्या साऱ्या कष्टकरी जनतेच्या मागण्या झाल्या पाहिजेत.