विश्लेषण : २.४ जीपीएवर बर्कलीचे दार खरेच उघडते का?

अमेरिकेत पदवी घ्यायची आहे, पण चारही वर्षांचा विद्यापीठाचा खर्च झेपणारा नाही. मग पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि उरलेली दोन नामांकित विद्यापीठात. पदवी शेवटी विद्यापीठाचीच मिळते. परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत हा ‘टू प्लस टू’चा हिशेब हमखास मांडला जातो. बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर तो पाठच आहे. हिशेब चुकीचा नाही. पण त्यासोबत सांगितला जाणारा ‘किमान जीपीए’चा आकडा मात्र दिशाभूल करणारा आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याची दोन वर्षे पणाला लागतात.

ही व्यवस्था नेमकी काय आहे?

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ आखला आणि सरकारी संस्थांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. वरच्या पायरीवर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) आणि पायथ्याशी कम्युनिटी कॉलेजे. आज ही कॉलेजे ११६ आहेत. तिथे प्रवेशासाठी गुणांची चाळण नाही. बारावीत कमी गुण पडलेला, नोकरी सांभाळून शिकणारा, चाळिशीत पुन्हा वही उघडणारा, सगळ्यांना जागा. दोन वर्षांनी म्हणजे साधारण ६० सेमिस्टर युनिट्स पूर्ण झाल्यावर विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला अर्ज करतो.

यूसीसाठीच्या या अर्जात शाळेचे गुण मोजले जात नाहीत, एसएटीही नाही. मोजला जातो तो कॉलेजातला जीपीए. दहावी-बारावीच्या टक्क्यांनी आयुष्यभर पाठलाग करणाऱ्या आपल्या व्यवस्थेतून पाहणाऱ्याला हे फारच उदार वाटेल. ते आहेही. मात्र एक मेख आहे. पुण्या-मुंबईत एखादे वर्ष इंजिनीअरिंग करून, केटी लागल्यावर तिकडे गेलेल्याला ते वर्ष अर्जात दाखवावेच लागते. शाळेनंतरचे कुठलेही कॉलेज, कुठल्याही देशातले, लपवले आणि नंतर उघड झाले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

२.४ हा आकडा येतो कुठून?

यूसीची किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी २.४ जीपीए आहे. राज्याबाहेरच्यांसाठी, म्हणजे भारतातून थेट गेलेल्यांसाठीही, ती २.८ आहे. सीएसयूत हेच आकडे २.० आणि २.४ असे आहेत. अर्ज वाचायला घेतला जाण्याची ही अट आहे. प्रवेश मिळण्याची नव्हे. बर्कली किंवा लॉस एंजेलिसच्या कम्प्युटर सायन्ससारख्या शाखेत प्रवेश मिळालेल्यांचे जीपीए चारच्या आसपास घुटमळत असतात. यूसी दरवर्षी कॅम्पसनिहाय आणि शाखानिहाय ही आकडेवारी संकेतस्थळावर टाकते. सल्लागाराला पैसे मोजण्याआधी हे पान पाहावे, ते फुकट आहे.

पहिली सेमिस्टर इतकी महाग का पडते?

इथे गणित मांडूनच पाहायला हवे. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १. प्रत्येक विषयाचा ग्रेड त्याच्या युनिट्सने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण युनिट्सने भागायचे. समजा, एका विद्यार्थ्याने दर सेमिस्टरला १५ युनिट्स घेतली. नवा देश, नवी पद्धत, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला जीपीए आला २.४. मग तो सावरला आणि पुढच्या तिन्ही सेमिस्टरला ३.८ मिळवले. दोन वर्षांअखेर त्याचा जीपीए होतो ३.४५. वाईट नाही.

पण विद्यापीठ हा ३.४५ पाहतच नाही. यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्याआधी, नोव्हेंबरअखेरपर्यंत भरावा लागतो. त्या वेळी हातात दोनच सेमिस्टरचे निकाल असतात, म्हणजे ३.१. जानेवारीत तिसऱ्या सेमिस्टरचे ग्रेड कळवायचे असतात. तेव्हा आकडा ३.३३ वर जातो. निर्णय एप्रिलअखेरपर्यंत येतात. चौथ्या सेमिस्टरचे ग्रेड त्यानंतर लागतात. ते मिळालेला प्रवेश टिकवायला उपयोगी पडतात, मिळवायला नाही. थोडक्यात, चारपैकी तीनच सेमिस्टर मोजणीत येतात आणि त्यात पहिलीचा वाटा एक तृतीयांश असतो. ‘पहिले सहा महिने रुळायला जातातच’ हे घरच्यांचे समजूतदार वाक्य इथे फार महागात पडते.

सगळे ‘ए’ सारखेच का?

नाहीत. कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठातल्या कोणत्या विषयाच्या बदली धरला जाईल, याची अधिकृत यादी ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर असते. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलसचे तीन-चार टप्पे, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स आधीच आटोपावे लागते. यातला एक टप्पा पार केल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. इतर विषयांत ए मिळवून जीपीए ३.८ झाला, पण कॅल्क्युलसमध्ये सी असेल, तर निवड करणारे नेमके तिथेच बोट ठेवतात. आणि पहिला टप्पा नापास झाला तर ग्रेडइतकेच नुकसान वेळेचे होते. अख्खी साखळी एक सेमिस्टर पुढे सरकते. इंजिनीअरिंगमध्ये एम-थ्री अडकलेल्यांना हे वेगळे समजावायला नको.

ग्रेड बिघडणार असे दिसले तर?

ठरलेल्या मुदतीत विषय सोडता येतो. मग निकालपत्रावर ‘डब्ल्यू’ येतो आणि तो जीपीएत धरला जात नाही. सीपेक्षा कमी ग्रेड असेल तर विषय पुन्हा देता येतो. सी मिळालेला विषय बी करण्यासाठी पुन्हा दिला तर यूसी नवा ग्रेड धरत नाही. म्हणजे डी मिळालेल्याला दुसरी संधी आहे, सी मिळालेल्याला नाही. विचित्र वाटते, पण नियम तसा आहे. ग्रेडऐवजी ‘पास’ घेण्याची सोयही असते. यूसी त्यातली १४ सेमिस्टर युनिट्सच मान्य करते आणि शाखेच्या मुख्य विषयांत ‘पास’ घेणे शहाणपणाचे नाही.

स्थानिक विद्यार्थ्यासाठी ‘डब्ल्यू’ ही केवळ एक खूण असते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याला पूर्णवेळ शिकत राहावे लागते, म्हणजे सेमिस्टरला किमान १२ युनिट्स. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षाची परवानगी न घेता विषय सोडून संख्या ११ वर आली, तर प्रश्न जीपीएचा राहत नाही, व्हिसाचा होतो. तुटपुंजी १२ युनिट्स घेऊन बसण्यापेक्षा एक विषय जास्तीचा घ्यावा, हे या मुलांना सुरुवातीलाच सांगायला हवे.

मग ‘हमी’ म्हणजे काय?

जाहिरातींत ‘गॅरंटीड ॲडमिशन’ हे शब्द ठळक असतात. तशी योजना खरोखर आहे. ‘टॅग’ नावाच्या या योजनेत डेव्हिस, अर्वाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसपैकी एकाशी करार करता येतो. ठरलेला जीपीए आणि ठरलेले विषय पूर्ण केले की जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत. शिवाय सहा कॅम्पसमध्येही सगळ्या शाखांना हमी मिळत नाही, आणि कॉम्प्युटर-इंजिनीअरिंगसारख्या गर्दीच्या शाखांवरच बहुधा फुली असते किंवा जीपीएची अट चढी असते. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच करायचा असतो. तेव्हा मोजायला पहिलेच वर्ष असते. पुन्हा तीच पहिली सेमिस्टर.

सीएसयूसाठी २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट पदवी सुरू झाली. ती मिळवलेल्याला सीएसयूत जागा नक्की मिळते, मनाजोग्या कॅम्पसमध्ये मिळेलच असे नाही.

आपल्याकडे यातले काय आहे?

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले महाराष्ट्रात दरवर्षी याच वाटेने चालतात. तिथे खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, आणि मग गुणवत्ता यादी व कॅप फेऱ्या. एक टक्केवारी, एक यादी. कोणत्या विषयात किती, हे कोणी पाहत नाही. ही पद्धत पारदर्शक आहे, पण गणितात कच्चा राहिलेला विद्यार्थी थेट एम-थ्रीच्या वर्गात जाऊन पडतो आणि तिथे केटीचा सिलसिला सुरू होतो. विषयांची जुळणी आधी तपासण्याची कॅलिफोर्नियाची रीत इथे उचलण्यासारखी आहे. २०२१ मध्ये यूजीसीने श्रेयांक साठवणारी ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आणली. श्रेयांक बँकेत जमा होतात, पण एका विद्यापीठाचा कोणता विषय दुसऱ्याच्या कोणत्या विषयाला चालेल, हे विद्यार्थ्याला आधीच दाखवणारी ‘असिस्ट’सारखी यादी नसेल तर त्या खात्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

विद्यापीठात पोहोचल्यावर जुना जीपीए राहतो का?

युनिट्स सोबत येतात, तीही कमाल ७० सेमिस्टर युनिट्सपर्यंत. जीपीए येत नाही. यूसीत तो नव्याने सुरू होतो, त्यामुळे कॉलेजातला ४.० असलेला आणि ३.२ असलेला पहिल्या दिवशी एकाच रेषेवर उभे असतात. पुढे एमएससाठी अर्ज करताना मात्र दोन्ही संस्थांची निकालपत्रे मागितली जातात, आणि त्यात कम्युनिटी कॉलेजची पहिली सेमिस्टरही असते.