पेठेत बांधा, पण गल्ली मोजून

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत सध्या गल्लीआड गल्लीत एखादे कौलारू घर उतरते आहे. अर्ध्या रस्त्यावर वाळूचा ढीग, पुढे हिरवी जाळी, शेजारच्या मातीच्या भिंतीला दिलेले टेकू आणि कोपऱ्यावर मागे-पुढे करत वळू पाहणारा खडीचा डंपर, हे शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत रोजचे दृश्य आहे. त्यावर दोन मते हटकून ऐकू येतात. एक म्हणते, गावाचे गावपण चालले. दुसरे विचारते, मग आम्ही काय पडक्या घरात राहायचे? ही दोन्ही मते बऱ्याचदा एकाच घरात असतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून पेठेतल्या बांधकामाला सरसकट विरोध किंवा सरसकट पाठिंबा, दोन्ही सोयीचे असले तरी शहराच्या कामाचे नाहीत.

आधी घरमालकाची बाजू. पेठेतले जुने घर म्हणजे पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडे. रस्त्याकडची रुंदी अठरा-वीस फूट आणि खोली नव्वद-शंभर. एवढ्या जागेचे क्षेत्रफळ जेमतेम दीड-पावणेदोन गुंठे भरते. वाटणी झाली की प्रत्येक भावाला रस्त्याकडचे तोंड हवे असते, म्हणून घर उभे चिरले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा फुटांची पट्टी येते. त्या पट्टीत न्हाणी, स्वयंपाक आणि माडीवर जाणारा तो अंधारा, उभा जिना. ज्या आजीने त्या जिन्यावरून पन्नास वर्षे धान्य चढवले, तिला आता खाली उतरता येत नाही. वाळवीने पोखरलेल्या तुळया आणि फुगलेल्या भिंती पावसाळ्याआधी महापालिकेच्या नजरेस पडतात आणि कलम 264 खाली धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटते. तीस वर्षांपुढच्या इमारतींची संरचनात्मक तपासणीही कायद्याने मालकावरच टाकलेली आहे. दुरुस्ती करायची तर पैसा नाही. मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या पश्चात सतरा वारसांची नावे असतील तर बँक कर्जाला उभी करत नाही. मग उरतो बिल्डर. तो तळमजल्याचे गाळे आणि वरचे काही फ्लॅट विकून खर्च काढतो, मालकांना त्यांचा हिस्सा बांधून देतो. हा व्यवहार लोभाचाच असतो असे म्हणणे त्या घरात राहणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे. बहुतेकांना त्यातून पहिल्यांदा स्वतःचे संडास-बाथरूम आणि लिफ्ट मिळते.

दुसरी गोष्ट शहराच्या आकाराची. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेत तेवढ्यात 5 लाख 49 हजार लोक मोजले गेले. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्दवाढीचा प्रश्न त्यानंतर अनेक दशके मोर्चे, बंद आणि फायलींत अडकून राहिला. शेजारच्या गावांना घरफाळ्याची आणि शेतीवर आरक्षण पडण्याची भीती वाटते. ती भीतीही पोकळ नाही, कारण शहरातल्या सोयींची अवस्था त्यांना दिसते आहे. 2017 साली 42 गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण नेमून मधला मार्ग काढला गेला. दरम्यान शहराची गरज थांबली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झाले आणि वकिलांच्या कार्यालयांना, पक्षकारांच्या मुक्कामाला मध्यवस्तीत जागा लागू लागली. अंबाबाईच्या भाविकांची गर्दी आता केवळ नवरात्रापुरती राहिलेली नाही. अशा वेळी पेठेत मजले चढू दिले नाहीत तर घरे उचगाव, पाचगाव, कळंब्याकडे सरकतात, उसाच्या रानात प्लॉट पडतात आणि मंडईला चालत जाणारे कुटुंब दोन दुचाकी घेते. जमीन वाचवायची असेल तर मध्यवस्तीत बांधू द्यावेच लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण त्यापुढे सुरू होते. आपली परवानगी भूखंड मोजते आणि बांधकामाचा भार मात्र गल्लीवर पडतो. डिसेंबर 2020 पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत रस्त्याच्या रुंदीनुसार एफएसआय ठरतो, हे खरे. दाटवस्तीत बाजूने फारशी जागा सोडावी लागत नाही, हेही जुन्या लहान भूखंडांसाठी गरजेचेच आहे. एका घराचा हिशेब अगदी बरोबर जुळतो. पण त्याच गल्लीत अशी दहा घरे उठली की प्रत्येकाची परवानगी कायदेशीर असूनही गल्ली मोडते. जिथे दहा चुली होत्या तिथे साठ होतात, गटार तेवढेच राहते आणि नळाला पाणी आले की साठ मोटारी एकदम ओढू लागतात. शेवटच्या घरात राहणाऱ्या, मजला न चढवलेल्या माणसाची घागर भरत नाही. त्याने कोणाकडे दाद मागायची? बेकायदा असे काहीच घडलेले नसते.

पार्किंगचे तसेच. नकाशात तळमजल्याला स्टिल्ट दाखवलेला असतो. अठरा फुटांच्या तोंडातून जिना, लिफ्ट आणि मीटरची खोली वजा केली तर गाडी आत वळवायला जागाच राहत नाही. मग काही महिन्यांत तिथे शटर लागते, गोदाम किंवा दुकान होते आणि गाड्या रस्त्यावर येतात. भोगवटा प्रमाणपत्र देताना एकदा पाहणी होते, पुढे कोणी फिरकत नाही. अशा गल्लीत रात्री आग लागली तर बंब कुठपर्यंत जाईल, हे प्रत्येक पेठेने विचारावे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, ते तर खासबागच्या मोकळ्या भागातले, बंबांना तिथे जायला रस्ता होता. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू होती तशीच पुन्हा बांधा, म्हणून सारे शहर एकमुखाने बोलले. ती एकजूट पाहून वाटते, की सामायिक गोष्टीची किंमत कोल्हापूरला कळते. गल्लीही तशीच सामायिक आहे, तिच्यावर हक्क सांगायला मात्र कोणी पुढे येत नाही.

पुराने हा मुद्दा आणखी धारदार केला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले. सुतारवाड्यात ते नेहमीच आधी शिरते, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ऐन गणपतीच्या हंगामात कच्च्या मूर्ती विरघळल्या. नियम सांगतो, की निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर वर घ्या. नव्या इमारतीपुरता हा नियम शहाणपणाचा आहे. पण जोते उंच करण्याच्या नावाखाली भूखंडावर भराव पडतो आणि त्या भरावाने अडवलेले पाणी शेजारच्या बैठ्या घरात जाते. जयंती नाल्याच्या काठाने हे कोणालाही पाहता येईल. नव्या इमारतीतली मंडळी पहिल्या मजल्यावरून पूर बघतात आणि शेजारी ट्रंक डोक्यावर घेऊन बाहेर पडतात. पूरपट्ट्यात खांबांवर उभी राहणारी, पाण्याला खालून वाट देणारी इमारत मान्य करावी. भरावावरची करू नये, मग मालक कोणी का असेना.

भाडेकरूंचा प्रश्न गुजरीत, महाद्वार रोडला आणि पापाच्या तिकटीला सर्वांत अवघड. तीन पिढ्या एकाच गाळ्यात चपला विकणारा माणूस महिन्याला जे भाडे देतो, त्यात मालकाचा त्या मिळकतीचा घरफाळाही निघत नाही. मालकाची चीड समजण्यासारखी आहे. पण त्या गाळ्याची पत, गिऱ्हाईक आणि पत्ता भाडेकरूने घडवला, हेही तितकेच खरे. जुन्या इमारतीतल्या भाडेकरूंना नव्या इमारतीत परत जागा मिळावी आणि त्याबदल्यात जादा एफएसआय मिळावा, अशी सोय नियमावलीत आहे. कागदावर ती न्याय्य आहे. व्यवहारात ती अडते ती मधल्या काळात. काम दीड वर्षांचे म्हणून सुरू होते, वारसांचा दावा लागतो, बिल्डरचे पैसे अडकतात आणि दुकानदार तीन-चार वर्षे कुठल्या तरी आडबाजूच्या गाळ्यात बसतो. परत येतो तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेले असते. त्या काळातल्या पर्यायी जागेचे भाडे आगाऊ, महापालिकेकडे अनामत म्हणून जमा झाल्याखेरीज जुनी इमारत पाडू देऊ नये. बिल्डरांची हरकत असेल, की आधीच खेळते भांडवल कमी. ती हरकत मी नाकारत नाही. पण ज्याच्याकडे दीड वर्षाचे भाडे भरायची ऐपत नाही, त्याने मध्यवस्तीत पायाही खोदू नये.

फ्लॅट घेणाऱ्याचेही तेच. 1 मे 2017 पासून महारेरा आले, म्हणून आपण निर्धास्त आहोत असे अनेकांना वाटते. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांच्या जरा आत. पेठेतली बरीच कामे या मापात बसतात. म्हणजे जिथे हिस्सेदार सर्वाधिक, रस्ता सर्वांत अरुंद आणि दाव्यांची शक्यता मोठी, तिथेच गिऱ्हाइकाला नोंदणीचे संरक्षण सर्वांत कमी.

मग करायचे काय? परवानगीचे माप भूखंडावरून गल्लीवर आणावे, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती वाटते तेवढी अवघड नाही. प्रत्येक गल्लीची रुंदी, गटाराची क्षमता, जलवाहिनीचा व्यास, 2019 आणि 2021 चे पाणी कुठवर आले त्याची खूण आणि आजवर मंजूर झालेले एकूण क्षेत्र यांचा एक तक्ता महापालिकेने तयार करून लावावा. पुढचा नकाशा मंजूर करताना त्या तक्त्यातून किती शिल्लक आहे ते बघावे. शिल्लक नसेल तर गटार आणि जलवाहिनी वाढवण्याचा खर्च आधी, मजले नंतर. त्याचबरोबर शेजारचे तीन-चार मालक एकत्र आले तर त्यांना खऱ्या अर्थाने झुकते माप द्यावे. चार अठरा फुटी तोंडांची मिळून बहात्तर फुटांची रुंदी झाली की चार जिने आणि चार लिफ्टऐवजी एकच पुरते, गाड्या आत वळतात, मागे परड्याएवढी मोकळी जागा राहते. ज्या परड्यांत एके काळी म्हशी बांधल्या जात आणि संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकले जाई, ती परडी परत येणार नाहीत. पण झिरपायला माती आणि उजेडाला जागा तरी राहील.

चार घरच्या चाळीस वारसांना एकत्र बसवणार कोण, असे विचारले जाईल. कोल्हापुरात त्याला उत्तर आहे. पेठेपेठेतल्या तालीम संस्थांनी कुस्ती, फुटबॉल आणि गणपतीबरोबर भाऊबंदकीचे तंटेही मिटवले आहेत. कोणाचा कोण, पुण्याला गेलेला भाऊ कधी येतो, कोणाची सही का अडली, हे तालमीला सिटी सर्व्हेपेक्षा जास्त ठाऊक असते. अर्थात तालमीत बिल्डरचीच माणसे बसली तर हा मार्गही बिघडेल. म्हणून तिने बोलणी जुळवावीत, पैशाच्या व्यवहारात उतरू नये.

मंदिर परिसराचा प्रश्न या सगळ्यापेक्षा मोठा आणि नाजूक. राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये अंबाबाई मंदिर परिसरासाठी सुमारे 1445 कोटींचा आराखडा मंजूर केला. भाविकांना उभे राहायलाही जागा नाही, तेव्हा मोकळीक हवीच. पण ज्यांच्या मिळकती त्यात जातील त्यांना मोबदल्याचा आकडा आणि पर्यायी जागा मोजणीच्या आधी कळायला हवी.

त्याच परिसरात गल्लीच्या मापाचा एक नमुना निसर्गाने आखून दिला आहे. नोव्हेंबरमध्ये 9 ते 11 आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, असा वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचा किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातो. पहिल्या दिवशी चरणांवर, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पश्चिमेकडची उंच बांधकामे, टेरेसवरच्या टाक्या आणि फलक त्या वाटेत आले, अडथळ्यांची मोजणी झाली, काही हटवले गेले. बांधून झाल्यावर पाडापाडी करण्यापेक्षा किरणांची वाट नकाशावर कायमची आखून त्या पट्ट्यातल्या प्रत्येक मिळकतीची कमाल उंची आधीच जाहीर करता येईल. मात्र एकट्या मालकाने दोन मजले सोडायचे आणि पुण्य सगळ्या शहराने घ्यायचे, हे चालणार नाही. रस्तारुंदीत गेलेल्या जमिनीला टीडीआर मिळतो, तसाच या सोडलेल्या उंचीलाही मिळावा आणि तो शहरात रुंद रस्त्यालगत वापरता यावा. उंचीची मर्यादा आणि तिचा मोबदला एकाच आदेशात, एकाच दिवशी निघाला पाहिजे. एक आधी आणि दुसरे सावकाश, असे झाले तर त्या पट्ट्यातला मालक न्यायालयात जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.