अंबाझरीच्या नळ्या, म्यानमारची माणसं

नागपूरकर बंधू-भगिनींनो,


१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना दीक्षा दिली ती कुशीनगरच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. भदन्तजी जन्मले आराकानात, म्हणजे आजच्या म्यानमारच्या राखाइन प्रांतात, हे मात्र भाषणांत फारसं येत नाही. मुलूख सोडून आलेल्या एका ब्रह्मी भिक्खूच्या हातून या शहराला धम्म मिळाला. त्या मुलखाला या शहराकडून अलीकडे काय गेलं, ते सांगायला हे पत्रक काढलं आहे.

'जस्टिस फॉर म्यानमार' या गटाने २०२३ मध्ये निर्यातीच्या नोंदी चव्हाट्यावर आणल्या. त्यानुसार ऑक्टोबर २०२२ मध्ये यंत्र इंडिया लिमिटेड या भारत सरकारच्या कंपनीने १२२ मिलिमीटर तोफेच्या २० नळ्या म्यानमारला पाठवल्या. किंमत ३ लाख ३० हजार डॉलर. माल गेला एका खासगी कंपनीच्या नावावर, पण असली तोफ कुणी परसात ठेवत नाही. यंत्र इंडियाचं मुख्यालय आहे आपल्या अंबाझरीत. दीक्षाभूमीवरून रिक्षाने जाल तर चहा गार व्हायच्या आत पोचाल.

कारखान्यातल्या कामगारांवर आमचा रोख नाही, हे आधीच सांगतो. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, तेव्हा विरोध करणारे हेच कामगार होते आणि त्यांचा संपाचा हक्क कायदा करून काढून घेतला गेला. कुणाला काय विकायचं हे लेथवर उभा असलेला माणूस ठरवत नाही. ते दिल्लीत ठरतं. जाब दिल्लीलाच विचारायचा आहे.

आता नळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहा. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथलं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मिझोरामच्या सीमेजवळच्या थांटलांग या चिन लोकांच्या डोंगरी गावावर तोफगोळे पडले. सैनिकांनी आगी लावल्या आणि १६० हून अधिक घरं जळाली. माणसं त्याआधीच निघून गेली होती, म्हणून वाचली. ११ एप्रिल २०२३ ला सगाइंगमधल्या पाझीजी गावात विमानातून बॉम्ब टाकले. लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले होते. दीडशेहून अधिक मेले, त्यांत बरीच लेकरं होती. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी पुढच्याच महिन्यात हिशेब मांडला: उठावापासून या लष्कराकडे किमान १ अब्ज डॉलरची शस्त्रं आणि शस्त्रसामग्री पोचली होती. रशिया, चीन आणि सिंगापूर पुढे. भारतातून गेलेला माल ५ कोटी १० लाख डॉलरचा. शस्त्रांचा ओघ थांबवा असं सांगणारा ठराव १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११९ मतांनी मंजूर झाला. भारत तटस्थ राहिला.

तोफेची नळी सीमा ओलांडते तेव्हा तिच्याकडे सगळे कागद असतात. माणूस उलट्या बाजूने येतो तेव्हा त्याच्याकडे कागद नसतात, आणि आपलं सरकार कागदच मागतं. १० मार्च २०२१ ला केंद्रीय गृहमंत्रालयाने ईशान्येतल्या राज्यांना पत्र धाडलं: आत येणाऱ्यांना अडवा, राज्यांना कुणाला 'निर्वासित' दर्जा देण्याचा अधिकार नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं की हे आमच्या रक्ताचे लोक आहेत, आम्हांला डोळेझाक करता येणार नाही. चर्चने आणि गावोगावच्या तरुण संघटनांनी तांदूळ गोळा केला, बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या. ३० हजारांहून अधिक माणसं त्या छोट्या राज्याने सांभाळली. शेजारच्या मणिपूरने मार्च २०२४ मध्ये लोकांना परत पाठवायला सुरुवात केली.

आणि हेही ऐका. २०२३ च्या अखेरीस चिन आणि आराकानच्या लढवय्यांपुढे पळालेले शेकडो म्यानमारी सैनिक मिझोराममध्ये घुसले. त्यांची व्यवस्थित सोय लावून त्यांना विमानांनी परत पोचवलं. ज्याने घर जाळलं त्याला विमान आणि ज्याचं जळलं त्याला नोटीस, असा हा शेजारधर्म.

भारताला पाहुणचार येत नाही असं नाही. हिवाळा लागला की नागपुरात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बायांकडून तुम्ही घासाघीस करून मफलर घेतलाच असेल. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत पन्नासेक वर्षं नांदते आहे. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही तेव्हाही नव्हती, आजही नाही. तरी तिबेटींना जमीन दिली, शाळा दिल्या, नोंदणीचं प्रमाणपत्र दिलं. दिल्लीच्या विकासपुरी, उत्तमनगरात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या चिन कुटुंबांकडे काय आहे? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं एक कार्ड. ते दाखवून धड नोकरी मिळत नाही. तिसऱ्या देशाने घेतो म्हटलं तरी बाहेर पडायला आपल्याच सरकारची परवानगी लागते.

याच विखुरलेल्या लोकांनी, दिल्लीतल्या, सोलमधल्या, लंडनमधल्या ब्रह्मी, चिन, काचिन, कारेन माणसांनी जगापुढे एक मागणी लावून धरली आहे: लष्कराचा पैसा, इंधन आणि हत्यारं तोडा. यावर आपल्याकडे शहाणी माणसं मान हलवतात. म्हणतात, निर्बंधांनी गरिबाच्याच पोटावर पाय येतो. आक्षेप खोटा नाही. २००३ मध्ये अमेरिकेने म्यानमारचा सगळाच माल बंद केला. यांगूनच्या शिवणकारखान्यांतल्या हजारो पोरी घरी बसल्या आणि सेनापतींचा घासही कमी झाला नाही. हा धडा परदेशातल्या ब्रह्मी लोकांनी आपल्याआधी गिरवला. म्हणून आजची त्यांची मागणी सुईच्या टोकाइतकी नेमकी आहे: लढाऊ विमानांचं इंधन, परकी चलन हाताळणाऱ्या सरकारी बँका, आणि सरकारी तेल-वायू कंपनी. युरोपने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीवर निर्बंध घातले, अमेरिकेने डिसेंबर २०२३ पासून तिच्या आर्थिक व्यवहारांना आडकाठी केली. टोटल आणि शेव्हरॉन या परदेशी तेल कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्येच देश सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच सरकारी तेल-वायू कंपनीच्या मांडीला मांडी लावून श्वे वायुक्षेत्रात आपली ओएनजीसी विदेश १७ टक्के आणि गेल ८.५ टक्के हिस्सा घेऊन बसली आहे.

निर्बंध हे पाश्चात्त्यांचं फॅड, असंही कुणी म्हणेल. त्यांनी हे आठवावं: ऑगस्ट २००७ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीने इंधनाचे दर एका रात्रीत वाढवले. पखोक्कू गावात निषेधाला निघालेल्या भिक्खूंना सैनिकांनी मारलं. भिक्खुसंघाने १७ सप्टेंबरपर्यंत माफी मागा म्हणून सांगितलं. माफी आली नाही, तेव्हा भिक्खू भिक्षापात्र उपडं धरून रस्त्यावर उतरले: सेनापतींच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या हातचं दान आम्ही घेणार नाही. श्रद्धावान बौद्ध देशात दान नाकारलं जाणं म्हणजे पुण्याचं दारच बंद. विनयाने, म्हणजे संघाच्या नियमांनी, भिक्खूंना दिलेला हा अधिकार अडीच हजार वर्षांचा आहे. त्याला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.

एक कडू गोष्टही लिहितो. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा परदेशातले बहुतेक ब्रह्मी बौद्ध गप्प होते. डिसेंबर २०१९ मध्ये म्यानमारच्या तेव्हाच्या नेत्या आँग सान सू ची हेगच्या न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला गेल्या, तर बाहेर कित्येक जण त्यांचे फलक घेऊन उभे होते. तेच लष्कर या लोकांच्या स्वतःच्या घरावर आलं तेव्हा अनेकांनी जाहीर माफी मागितली. जून २०२१ मध्ये लष्कराविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय एकता सरकारने रोहिंग्यांना बाहेर ठेवणारा १९८२ चा नागरिकत्व कायदा बदलू असं लिहून दिलं. उशीर झाला, पण आपल्याकडे तेवढंही नाही. मे २०२५ मध्ये दिल्लीतल्या काही रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात उतरवल्याच्या बातम्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या बातम्यांवर शंका घेतली, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाने चौकशी सुरू केली. चिन चालतो आणि रोहिंग्या चालत नाही, असं आमचं म्हणणं नाही. ज्याच्यामागे बंदूक लागली आहे त्याला परत ढकलायचं नाही, एवढा साधा नियम आहे.

राष्ट्रहिताचा मुद्दा निघणारच: चीनला शह द्यायचा, ईशान्येतले बंडखोर आवरायचे, तर लष्कराशी गोड राहावं लागतं. मग नकाशा बघा. रिखॉदारचं सीमानाकं नोव्हेंबर २०२३ मध्ये चिन दलांनी घेतलं. आपल्या कलादान वाहतूक प्रकल्पाच्या वाटेवरचं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मीने घेतलं. ज्या सीमेसाठी नळ्या विकायच्या, तिच्या मोठ्या भागावर गिऱ्हाईकाचा ताबाच उरलेला नाही. हा साधा धंदा म्हणूनही बुडीत आहे.

नुसतं वाचून पत्रक खिशात घालू नका. मागच्या बाजूला माहिती अधिकाराचा अर्ज छापला आहे. यंत्र इंडिया लिमिटेडच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून पाठवा. प्रश्न तीनच आहेत. १ फेब्रुवारी २०२१ नंतर म्यानमारला काय-काय पाठवलं? परवाना कोणी दिला? माल अखेर कोण वापरणार, याचा दाखला घेतला का? तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. बहुधा कलम ८(१)(अ) दाखवून देशाच्या सुरक्षेचं कारण सांगतील. मग तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि त्यात कलम ८(२) लिहायला विसरू नका. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं तेच कलम सांगतं. अपिलाचा मसुदाही आम्ही तयार ठेवला आहे. ज्यांनी हे पत्रक हातात दिलं त्यांच्याकडेच मागा.