अक्षरशून्य आणि स्मरणशून्य

शिक्षणाने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते, हे वाक्य अलीकडे आपल्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी फार ऐकू येऊ लागले आहे. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ते येते, निवृत्तांच्या चहापानात ते घोळले जाते, आणि प्रत्येक वेळी बोलणाराच्या मुद्रेवर विम्याचा हप्ता वेळेवर भरलेल्या माणसाचे समाधान दिसते. परवा अशाच एका बैठकीत एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "आपल्याला कसली चिंता? चिंता अडाण्यांनी करावी. आणि त्यांनी तरी का करावी? विसरायला मुळात काही असावे लागते!" मंडळी हसली. शिष्टाचारापायी मीही हसलो, आणि त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते प्रथम त्याच्या पदरात घालू. भारतातील साठीपुढील लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यावरून काढलेले आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे शंभरांत ७.४ वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. स्त्रियांत हे प्रमाण ९ टक्के, पुरुषांत ५.८, खेड्यांत ८.४, शहरांत ५.३, आणि ज्यांना शाळा लाभली नाही त्यांच्यात ते शिकलेल्यांहून अधिक. हे आकडे मी नाकारीत नाही. माझे भांडण आकड्यांशी नसून त्यांतून काढलेल्या अर्थाशी आहे.

मुळात स्मरणशक्ती मोजतात कशी? १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टाइन दांपत्य आणि मॅक्ह्यू यांनी ३० गुणांची एक छोटी परीक्षा तयार केली व ती जगभर रुळली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, किंवा एखाद्या शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगणे, यास ५ गुण. लिहिलेली आज्ञा वाचून पाळणे, एक वाक्य लिहिणे, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढणे, यांस प्रत्येकी १. हे ८ गुण, अपवाद सोडल्यास, ज्याने पाटी हाती धरली त्याचेच. ज्याने ती धरली नाही तो बहुधा २२ गुणांवरूनच शर्यतीस उभा राहतो. आणि २४ च्या खाली गेले की रोगाची शंका घ्यावी, असा तर प्रचलित दंडक! धावण्याआधीच हरलेल्या माणसास पांगळा ठरविणारी ही शर्यत झाली.

माझ्या आत्याला वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी अशाच परीक्षेस बसविण्यात आले. शहरातील एक दवाखाना, समोर एक तरुण डॉक्टर, अत्यंत सभ्य. त्यांनी विचारले, "आजी, शंभरातून सात गेले तर किती?" आत्याने उलट विचारले, "सात काय? पायल्या की रुपये?" तिचा प्रश्न अगदी योग्य होता. ज्या बाईने पन्नास वर्षे भाताचे कोठार सांभाळले, तिच्या लेखी नुसते सात अशी वस्तूच जगात नव्हती. डॉक्टरांनी त्या रकान्यात शून्य लिहिले. घरी आल्यावर आत्तेभावाने तिच्या कमरेची किल्ल्यांची जुडी काढून घेतली, अर्थात तिच्याच काळजीने. कोणत्या बांधावरून कोणाचे भांडण कोणत्या साली झाले, हे गावात अजूनही तिलाच विचारायला येतात. पण कोठाराला कुलूप तिने लावायचे नाही.

असे होऊ नये याचा उपाय कोणास सुचलाच नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. हरियाणातील बल्लभगढच्या परिसरात निरक्षर वृद्धांसाठी याच परीक्षेचे हिंदी रूप सिद्ध करण्यात आले आणि ते १९९५ साली प्रसिद्धही झाले. त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगतात. डोळे मिटण्याची आज्ञा वाचून दाखवावी लागत नाही, परीक्षक स्वतः डोळे मिटतो व तसेच करावयास सांगतो. इतकी साधी गोष्ट! तीसेक वर्षे झाली. निदान प्रत्येक डॉक्टराने शून्य लिहिण्यापूर्वी समोरच्या म्हाताऱ्या माणसास शाळा किती झाली एवढे तरी विचारावे.

आता दुसरी बाजू. माझे एक वडीलधारे स्नेही संस्कृताचे गाढे अभ्यासक होते. बाजारातून परतताना ते दोनदा आपलीच गल्ली चुकले, म्हणून त्यांच्या पत्नीने त्यांना तपासावयास नेले. ३० पैकी २९ गुण! घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. "त्यांची बुद्धी तुमच्या-आमच्यासारखी नाही" असे म्हणून मुलांनी आईचे बोलणे उडवून लावले. दीड वर्षात गृहस्थ मुलांची नावे विसरले. शिक्षणाची पुंजी मोठी असली की तूट पुष्कळ काळ झाकली जाते, आणि उघडी पडते तेव्हा दिवाळे झपाट्याने निघते, हे मेंदूच्या अभ्यासकांनी कधीचेच सांगून ठेवले आहे. २०२० साली अनेक देशांतील संशोधनाचा जो आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष हाच की, शिकलेला मनुष्य वार्धक्यात पदार्पण करतो ते उंच पायरीवरून. पायऱ्या उतरण्याचा त्याचा वेग मात्र इतरांहून फारसा निराळा नसतो. आपल्या पदव्यांवर विसंबणाऱ्यांनी याचा अर्थ सावकाश लावावा.

'विसरायला मुळात काही असावे लागते' या वाक्याकडे आता वळतो. घनपाठी वैदिकापुढे आपण हात जोडतो, कारण पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा अशा क्रमाने शब्द फिरवीत त्याने सबंध संहिता कंठात ठेवलेली असते. ही स्मृती लेखणीची नव्हे, कानाची आहे, म्हणून ती कमी प्रतीची असे कोणी म्हणत नाही. मग जात्यावर बसलेल्या बाईचे काय? गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या बव्हंशी अक्षर न ओळखणाऱ्या बायकांच्या मुखातून. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. ऐकणारांनी टिपून घेतली म्हणून त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूपाने आपल्या हाती आली. विसरायला काही नसलेल्या लोकांचे हे भांडार!

मी राहतो त्या वांगणीत दृष्टिहीनांची शेकडो कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून संसार करतात. त्यांतील पुष्कळजण लोकलगाडीत किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. कोणती वस्तू पिशवीच्या कोणत्या कप्प्यात, कोणत्या स्टेशनात फलाट कोणत्या बाजूस, हे सारे त्यांच्या डोक्यात. २०१६ नंतर नोटांचे आकार बदलले, तेव्हा त्यांच्या बोटांना जुनी ओळख विसरून नवी शिकावी लागली, आणि त्यांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेलेही होते. यांच्यापैकी एखाद्यापुढे उद्या ते दोन पंचकोन ठेवले तर?

येथे कोणी म्हणेल, "तर मग शाळा बंद करा, सगळ्यांना जात्यावर बसवा." हा कुतर्क मला ठाऊक आहे. ओवी पाठ असल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे मी म्हटलेले नाही. उलट २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे मांडली, त्यांत अपुरे शिक्षण आहेच. उपचार न झालेला बहिरेपणा आणि दृष्टिदोषही आहे. म्हणूनच तो ९ आणि ५.८ चा फरक मला अधिक बोचतो. स्त्रिया अधिक जगतात हे त्याचे एक कारण असेल. पण आज पंच्याहत्तरीत असलेल्या किती बायकांना लहानपणी शाळेचा उंबरा ओलांडू दिला गेला? फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. त्यानंतर शंभर वर्षांनीही आमच्या आत्याच्या हाती भावंड आणि डोक्यावर हंडा होता. तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, मात्र शाळेत जात होते. घराने जे तिला नाकारले, त्याच्या अभावाचे गुण आज घरच तिच्या नावावर कापीत आहे, आणि वर तिला अडाणी म्हणत आहे.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन, पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. स्मरणशक्ती टिकावी म्हणून त्या आल्या नव्हत्या. पोथी आपल्याला वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. सत्तराव्या वर्षी मुळाक्षरे शिकू पाहणारी ही बाई, आणि निवृत्तीच्या दिवशी पुस्तकांची कपाटे रद्दीवाल्यास देणारा आमचा पदवीधर, या दोघांत मेंदूची मशागत कोण करीत आहे, हे त्या चहापानातील मंडळींनी मला सांगावे.

किल्ल्यांची जुडी आत्याला परत द्यावी, असे मी आत्तेभावास पत्र लिहिले आहे. तो पदवीधर आहे. अजून उत्तर आलेले नाही.