रिकोटाचे पेढे आणि माझी पदवी

एम.एस.डब्ल्यू. होऊन सहा वर्षे वस्तीत काम केले. लग्नानंतर नवऱ्यामागून अमेरिकेत आले ती एच-४ व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. २०१५ पासून काही जणींना ती मिळते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डचे प्रकरण पुढे सरकल्यावरच.

आमच्या गावात खवा मिळत नाही. म्हणून रिकोटा हे इटालियन चीज तुपावर परतून, दूधभुकटी आणि साखर घालून पेढे करायला शिकले. 'सुगरण' ठरले! कौतुक आवडले, तसे खुपलेही. रिकोटा मुळात चीज करताना उरलेल्या निवळीचा. तीसुद्धा माणसे फुकट घालवत नाहीत. आमचे शिक्षण मात्र खुशाल वाया जाते.

मैत्रिणींनो, परदेशातले स्थळ आले तर पगाराआधी हे विचारा : मुलीला तिथे काम करता येईल का?