छत्तीस छायाचित्रांचा हिशेब

मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे साठवून ती पुन्हा कधीच न पाहण्याच्या या काळात काही तरुण मंडळी घरातील जुना फिल्म कॅमेरा कपाटातून बाहेर काढू लागली आहेत. सुटीच्या दिवशी शहराच्या एखाद्या टोकाला जायचे, कृष्णधवल फिल्मचा एकच रोल वापरायचा आणि परतल्यावर तो स्वतःच धुवायचा, असा हा छंद आहे. एका रोलमध्ये छत्तीस छायाचित्रे; सदतिसावे घ्यायचे तर नवा रोल विकत घ्यावा लागतो. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण ठरवून घेण्यास सांगितले आहे. तो संस्कार असलेल्या घरातील वडीलधाऱ्यांना असा मर्यादेतील छंद आवडावा, यात नवल नाही. मात्र या छंदाच्या जमाखर्चात एक रक्कम अशी आहे, जी फिल्मच्या डबीवर लिहिलेली नसते.

घाटकोपर किंवा अंधेरीहून निघणाऱ्याला अशा भटकंतीसाठी मढ सोयीचे आहे. मेट्रोने वर्सोवा, तेथून रिक्षाने धक्का आणि फेरीबोटीने काही मिनिटांत खाडीपलीकडे मढ. बोरिवलीकडून येणाऱ्याला मालाड स्थानकाहून मालवणी, आक्सा, एरंगळमार्गे बस मिळते. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला येथे आहे. तो हवाई दलाच्या ताब्यातील क्षेत्रात असल्याने परवानगीविना आत जाता येत नाही आणि अशा ठिकाणी कॅमेरा पिशवीतच ठेवणे इष्ट. एरंगळच्या किनाऱ्यावर १५७५ साली बांधलेले सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. ४०० आयएसओ वेगाची फिल्म असेल, तर भर उन्हात भिंगाचे छिद्र एफ-१६ वर आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवून प्रकाशमापकाशिवायही काम भागते. होड्यांचे भडक निळे-केशरी रंग कृष्णधवल फिल्मवर नाहीसे होतात आणि उरतो तो होडीचा बाक, जाळ्याची वीण आणि माणसाच्या चेहऱ्यावरील रेषा. ज्यांचे छायाचित्र घ्यायचे, त्यांची अनुमती आधी घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

कोळीवाड्यात बांबूच्या मांडणीवर बोंबील वाळत घातलेले असतात. शाकाहारी घरातून आलेला तरुण तेथून जाताना नाकाला रुमाल लावतो आणि पावले उचलतो. ही प्रतिक्रिया स्वाभाविक असली, तरी त्याच क्षणी त्याच्या गळ्यातील कॅमेऱ्यात जो रोल आहे, तोही प्राण्याच्या शरीरापासून मिळवलेल्या पदार्थाविना बनलेला नाही. त्या पदार्थाचे नाव जिलेटिन. गुरांची हाडे व कातडी, तसेच डुकरांची कातडी यांपासून ते काढले जाते. भारतात हाडांपासून तयार होणारे ओसीन परदेशी जिलेटिन कारखान्यांकडे निर्यात होत आले आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका शोधणाऱ्या ग्राहकाला फिल्मच्या डबीवर असा कोणताही ठिपका सापडत नाही.

फिल्ममध्ये जिलेटिनचे काम काय, हे रोल धुताना नेमके कळते. त्यासाठी आता स्वतंत्र डार्करूम लागत नाही. प्रकाश आत न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून रोल चकतीवर गुंडाळायचा आणि झाकणबंद टाकीत ठेवायचा. पुढील सर्व काम उजेडात, अगदी प्रवासातील खोलीच्या न्हाणीघरातही होते. डी-७६ सारखे द्रावण २० अंश सेल्सिअसला वापरले, तर इलफर्डच्या एचपी-५ फिल्मला साधारण साडेसात मिनिटे लागतात. मुंबईच्या नळाचे पाणी वर्षातील बराच काळ याहून बरेच गरम असते, म्हणून बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड कराव्या लागतात. पाण्यात जिलेटिनचा थर फुगतो, त्यामुळे रसायने आत शिरून चांदीच्या क्षारांपर्यंत पोहोचतात. सुकल्यावर तो पुन्हा घट्ट बसतो. पाणी फार गरम असेल, तर हाच थर मऊ पडून चित्र बिघडते. शेवटी हायपोने चित्र स्थिर करून फिल्म धुवायची. वाहता नळ सोडून देण्याची येथे गरज नाही. टाकी पाण्याने भरून पाच वेळा, नव्या पाण्याने दहा वेळा आणि पुन्हा नव्या पाण्याने वीस वेळा उलटसुलट केली की पुरते. एका रोलला लिटरभर पाणीही लागत नाही. ओल्या थरावर रेतीचा कण चिकटू नये म्हणून ते पाणी गाळून घ्यावे लागते, आणि जैन घराला ही गोष्ट शिकवावी लागत नाही.

छायाचित्रणात जिलेटिन आरंभापासून नव्हते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय छायाचित्रकार पुढे आले. त्या पर्वात काचेवर कोलोडियनचा थर देत आणि तो ओला असतानाच छायाचित्र घेऊन तेथल्या तेथे धुवावे लागे. प्रवासी छायाचित्रकाराला त्यामुळे काळोखा तंबू बरोबर न्यावा लागे. अर्थात ती पद्धतही निर्दोष नव्हती, कारण चित्रे ज्या कागदावर छापत, त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा कोरडा थर सुचवला. जैन कुटुंबात जन्मलेले आणि १८९६ साली मुंबईत स्टुडिओ थाटणारे राजा दीनदयाळ यांच्या कारकिर्दीतच ओल्या काचा मागे पडून कोरड्या काचा रूढ झाल्या. पुढे १९२० च्या दशकात कोडॅकच्या संशोधकांना आढळले की, जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशामुळे फिल्मची प्रकाशग्राहकता वाढते आणि तो अंश गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून येतो. जनावराने काय खाल्ले, याचा परिणाम छायाचित्रावर होतो, इतका हा संबंध निकटचा आहे. आजही बाजारातील फिल्म जिलेटिनवरच बनते.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. जिलेटिनसाठी कोणी जनावर मारीत नाही. ते उपउत्पादन आहे, मग दोष कसला? व्यापारी कुटुंबाला याचे उत्तर वहीतच सापडेल. उपउत्पादनाची विक्री मुख्य उत्पादनाच्या खर्चातून वजा होते आणि तेवढा मूळ धंदा अधिक किफायतशीर ठरतो. सरकीला भाव मिळतो म्हणून कापसाचे गणित जमते. हाडांना व कातड्याला भाव मिळतो म्हणून कत्तलखान्याचे. जैन आचारशास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारे हिंसेचा विचार करते, तो यासाठीच. उपजीविकेतील उद्योगी हिंसा आणि घरकामातील आरंभी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही, हे शास्त्राला मान्य आहे. परंतु छंद ही उपजीविका नव्हे. निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्यासाठी सांगितलेले अनर्थदंडविरमण व्रत येथे थेट लागू पडते. मढच्या कोळ्याची मासेमारी हा त्याचा चरितार्थ आहे. कॅमेरा गळ्यात घातलेल्या तरुणाला तेवढेही कारण सांगता येत नाही. म्हणून रुमाल नाकाला लावण्यापूर्वी त्याने आपल्या पिशवीतील डबीचा विचार केलेला बरा.

हे समजल्यावर काहींनी फिल्म पूर्णपणे सोडली, तर ते व्रताला धरूनच होईल. मढची तीच भटकंती, तीच छत्तिसाची मर्यादा डिजिटल कॅमेऱ्यावरही पाळता येते. मात्र कॅमेरा बदलला म्हणजे प्रश्न संपला, असे नाही. लग्नाच्या अल्बमसाठी कलर लॅबमध्ये ज्या पारंपरिक फोटो-पेपरवर छायाचित्रे काढली जातात, त्यालाही जिलेटिनचा थर असतो. शाईने छापावयाच्या कागदांत जिलेटिनविरहित प्रकार मिळतात. मागणी देताना तसे स्पष्ट विचारून घ्यावे. ज्यांना फिल्म सोडवत नाही, त्यांनी निदान वर्षाचे परिमाण ठरवावे आणि वापरलेला हायपो गटारात ओतू नये. त्यात विरघळलेली चांदी असते. एका रोलमागे ती एका ग्रॅमहूनही कमी भरत असली, तरी पाण्यातील सूक्ष्म जीवांना ती घातक ठरते.

घरातील जुन्या निगेटिव्हचा प्रश्न निराळा आहे. त्यांतील हिंसा होऊन गेली आहे. त्या फेकल्याने ती परत फिरत नाही. उलट आजोबांची पेढी, गावचे मंदिर, दीक्षेचा सोहळा यांची एकमेव नोंद कदाचित त्यांतच असेल. पावसाळी दमटपणात जिलेटिनवर बुरशी धरते. त्यामुळे एकदा बुरशी धरली आणि साफसफाई करावी लागली, की पुन्हा सूक्ष्म जीवांचा घात होतो. निगेटिव्ह माळ्यावर किंवा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदी पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात आणि चातुर्मास लागण्यापूर्वी दरवर्षी त्या पुड्या बदलाव्यात.