दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली?

समजा, आपल्या टीममधल्या कोणी सर्व्हरचा अलर्ट नुसता म्यूट केला आणि 'इश्यू रिझॉल्व्ड' असा मेल टाकला. काय होईल त्याचं? सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याची चटणी होईल. पण चटणी करणारी हीच मंडळी शनिवारी आपली दहा-बारा वर्षांची गाडी गॅरेजला नेतात आणि म्हणतात, "तो पिवळा दिवा लागलाय हो, जरा घालवून द्या." गॅरेजवाला स्कॅनर जोडतो, एक बटण दाबतो, दिवा जातो. पैसे देऊन साहेब खुशीत घरी. आठवड्यात दिवा परत हजर, की "काय फालतू गाडी आहे राव!"

माझं म्हणणं साधं आहे. कोड न वाचता, न लिहून घेता दिवा घालवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. आणि त्याचे पैसे आपण खिशातून देतो.

थोडी पार्श्वभूमी. इंजिनाचा हा पिवळा दिवा ओबीडी नावाच्या व्यवस्थेचा भाग. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, आपल्याकडे ते एप्रिल २०१३ पासून आलं. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. काही शे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर त्यात खोचला की कोड मोबाइलवर दिसतो. (त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीचाच स्कॅनर लागतो, पण कोड तिथेही असतोच.)

आता खरी गोम. कोड म्हणजे लक्षण, खराब पार्टचं नाव नव्हे. उदाहरणार्थ पी०१७१. अर्थ एवढाच, की इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून वाढवून थकला तरी मिश्रणात हवाच जास्त येतेय. हे कळतं ऑक्सिजन सेन्सरकडून, म्हणून पुष्कळ ठिकाणी पहिला बळी त्याचाच जातो. निरोप्याला फाशी! जुन्या गाडीत चिरलेली रबरी नळी, तुंबलेला फिल्टर, दमलेला पेट्रोल पंप, यातलं काहीही असू शकतं. फरक कसा कळणार? स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' बघायचा. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर बहुधा कुठूनतरी हवा शिरतेय. उलट लोड आल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल पुरत नाहीये. पाच मिनिटांचं काम.

किंवा पी०३०२ घ्या, म्हणजे दुसरा सिलेंडर मिसफायर करतोय. प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावा आणि गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. नाही आला तर प्लग, इंजेक्टर वगैरे बघा. आपण डीबगिंग करतो ते याहून वेगळं काय असतं?

आणि क्लिअर केल्यावर काय जातं ते ऐका. कोड नोंदला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, वेग किती, हे सगळं 'फ्रीझ फ्रेम' म्हणून साठवलेलं असतं. चक्क क्रॅश डंप! एका बटणासरशी तो साफ. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू. बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावायचा जो गावठी उपाय आहे ना, त्यानंही बहुतेक गाड्यांत हेच होतं.

याचा अर्थ प्रत्येक दिव्यावर अभ्यासवर्ग भरवा असा नाही. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. तो दिवा ऑइलची पातळी नाही, दाब सांगतो. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" म्हणालात की इंजिन गेलं. टेंपरेचरचंही तसंच. बॅटरीचा दिवा म्हणजे चार्जिंग होत नाहीये. हँडब्रेक खाली असूनही ब्रेकचा दिवा लागला तर ब्रेक ऑइल बघा. कमी असेल तर एकतर गळती आहे किंवा पॅड झिजलेत, नुसतं भरून मोकळं होऊ नका. आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर एवढा आहे, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. तिथे हजारांचा प्रश्न असतो.

आता तुम्ही म्हणाल, "एवढा वेळ कोणाला आहे? आणि मेकॅनिकला शिकवणारे आम्ही कोण?" शिकवू नकाच. हातात पाना घ्या असंही मी म्हणत नाही. चांगला मेकॅनिक कोड बघून थांबत नाही, तो हवा, पेट्रोल, स्पार्क तपासतो, आणि त्या तपासणीचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. आपण मात्र पार्टचे पैसे निमूट देतो आणि निदानाच्या पैशांवर घासाघीस करतो. मग तो पार्टच बदलणार ना! दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही.

यात सगळ्यात जास्त फसतो तो सेकंडहँड गाडी घेणारा. विकण्याआधी कोड साफ केला की दोन-चार दिवस सगळं आलबेल. म्हणून गाडी बघताना इंजिन चालू करण्याआधी नुसती चावी ऑन करा. इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग, जे जे गाडीत आहे त्याचे दिवे लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर बल्ब काढलाय का, असं तोंडावर विचारा. स्कॅनर लावून गाडीच्या किती चाचण्या अपूर्ण आहेत तेही बघा. बऱ्याच अपूर्ण असतील तर हल्लीच काहीतरी पुसलंय, किंवा बॅटरी तरी काढलीय.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये दोनच वाक्यं म्हणा: "आधी कोड बिलावर लिहा. पार्ट बदलायच्या आधी तोच का, ते सांगा." नीट उत्तर मिळालं तर तो मेकॅनिक सोडू नका. "तुम्हाला काय करायचंय साहेब?" असं आलं, तर चावी परत घ्या आणि निघा.